जुनं सामान ऑनलाइन विकताना भेटणारी आगाऊ गिऱ्हाइकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोनदा घर बदललं, आईवडिलांचं एक घर आवरलं. या सगळ्यात कपाटं, सायकली, मिक्सर, अभ्यासाची टेबलं, एक स्कूटर आणि एक ट्रेडमिल (तिच्यावर तीन वर्षं फक्त टॉवेल वाळत होते) असं बरंच काही ऑनलाइन विकलं. तेव्हापासून आमच्या इमारतीत कुणी काही विकायला काढलं की पहिला फोन मला येतो. प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

‘अजून आहे का?’ असं विचारून माणूस गायब का होतो?

कारण त्याने ते विचारलेलंच नसतं. फेसबुक मार्केटप्लेसवर हा मेसेज तयारच असतो, बटण दाबलं की जातो. लोक संध्याकाळी लोळत पडल्या पडल्या दहा सोफ्यांना तो पाठवतात आणि झोपतात. तुम्ही मात्र ‘हो, आहे, कधी येताय?’ लिहून फोनकडे बघत बसता.

मी उत्तरातच पुढचं काम त्याच्या गळ्यात घालते: ‘आहे. कोथरूडला येऊन न्यावं लागेल, जिना आहे, लिफ्ट नाही. शनिवारी ११ ते १ मध्ये जमेल का?’ खरं गिऱ्हाईक वेळेबद्दल बोलतं. बाकीचे ‘बघतो’ म्हणतात. ‘बघतो’ म्हणजे नाही, हे आपण मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

मी ८,००० लिहिलं आणि समोरून ‘२,००० फायनल’ आलं. उत्तर द्यायचं का?

द्यायचं, पण चिडून नाही. बऱ्याच जणांना वाटतं, की हा आपल्या वस्तूचा अपमान आहे. तसं काही नसतं. दारात येणारी बोहारीण आठवा. आई जरीची साडी पुढे करायची आणि ती दोन बोटांनी उचलून म्हणायची, ‘यावर वाटी येईल.’ आईला पातेलं हवं असायचं. साडी पुन्हा घडी होऊन आत जायची, बोहारीण बोचकं बांधायला लागायची, आणि गाठ मारता मारता पातेलं बाहेर यायचं. त्यात रागाचं काही नव्हतं. फरक इतकाच, की बोहारणीला पाठीवर ओझं घेऊन पुढच्या दारी जावं लागायचं. ऑनलाइन वाटी दाखवणाऱ्याला एक बोट हलवावं लागतं.

म्हणून एकाच ओळीचं उत्तर: ‘८,००० सांगितलेत, बघून आवडलं तर ७,५०० ला देईन.’ त्यावर ‘२,५००’ आलं तर पुढे उत्तर नाही. वस्तू किती वर्षं वापरली, मुळात केवढ्याला घेतली होती, पॉलिश कधी केलं, हे सांगत बसू नका. जितकं सांगाल तितकी भाव पाडायला जागा मिळते.

मग किंमत किती लिहायची?

तीन आकडे ठरवा. लिहायचा आकडा, ज्याला आनंदाने द्याल तो आकडा, आणि ज्याच्याखाली वस्तू घरातच राहिली तरी चालेल तो आकडा. तिसरा घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. आमच्याकडे एकदा मी फोनवर ४,००० वर अडून बसले होते आणि गिऱ्हाईक दारात आल्यावर हे म्हणाले, ‘अहो घेऊन जा तीनला, जागा तरी होईल.’

लिहायचा आकडा दुसऱ्यापेक्षा दहा-पंधरा टक्के वर असला की पुरे. त्याहून फुगवलात तर खरी गिऱ्हाइकं विचारतच नाहीत, आणि राहतात फक्त हौशी घासाघीसवाले. दुकानातली किंमत धरून हिशेब करू नका. त्याच साइटवर तशीच वस्तू लोक किती मागतायत ते बघा, आणि तीन आठवडे तशीच पडून असलेली जाहिरात म्हणजे तो आकडा चुकलाय हे ओळखा.

‘किंमत पक्की, घासाघीस नाही’ असं लिहून फायदा होतो का?

नाही. ‘घासाघीस नाही’ वाचून लोक विचारतात, ‘ठीक आहे, पण शेवटचं किती?’

फोनवर ठरलेला भाव दारात आल्यावर पाडतात. तेव्हा काय करायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होतं. माणूस समोर उभा असतो, चपला काढून आत आलेला असतो, आपण पाणी दिलेलं असतं. भीड पडते. भीड भिकेची बहीण म्हणतात ते अशा वेळी कळतं.

आईचं गोदरेजचं कपाट होतं. ६,००० ठरले होते. रविवारी सकाळी एक गृहस्थ टेम्पो घेऊनच आले, बरोबर दोन हमाल. कपाट उघडलं, आतला आरसा बोटाने पुसला, तिजोरीच्या कप्प्याची चावी दोनदा फिरवली आणि म्हणाले, ‘ताई, खालून गंजलंय. तीन हजार करा.’

गंजाचा फोटो जाहिरातीत होता. वर्णनातही लिहिलं होतं. मी तसं म्हटल्यावर, ‘अहो पण टेम्पोचे बाराशे गेले ना माझे.’

‘काका, टेम्पो मी नाही मागवला.’

मग मी एकच गोष्ट केली. कपाट बंद केलं, चावी काढून मुठीत घेतली आणि म्हटलं, ‘नाही परवडत तर राहू दे, काही हरकत नाही.’ आवाज चढवला नाही. ते हमालांना घेऊन खाली गेले. मी लसूण सोलायला बसले. दहा मिनिटांनी बेल वाजली, साडेचार. मी मान हलवली. मग पाच. शेवटी ५,८०० दिले, वरचे २०० ‘हमालांच्या चहापाण्याचे’ म्हणून मी सोडले आणि त्यांचीही शान राहिली.

टेम्पो दारात उभा करणारा माणूस स्वतःच अडकलेला असतो. भाडं चालू असतं, हमाल घड्याळ बघत असतात. आपल्याला वाटतं आपण अडकलोय, कारण घर आपलं आणि पाहुणा समोर. म्हणून दोन गोष्टी आधीच करा. खरचटलेलं, गंजलेलं, तुटलेलं सगळं फोटोत ठळक दाखवा. आणि आदल्या रात्री मेसेज टाका: ‘उद्या ११ वाजता, ६,००० रुपये, तळाला गंज आहे, फोटो बघितलात ना?’ त्याचं ‘हो’ हातात असलं की दारातलं नाटक अर्ध्यावर येतं. खरोखर नवीन दोष निघाला, तर मात्र थोडं कमी करा. ते न्याय्य आहे.

‘माझ्यासाठी ठेवा, पुढच्या आठवड्यात नेतो’ म्हणतात. ठेवावं का?

टोकन दिलं तर. १०-२० टक्के आधी पाठवायला सांगा, तारीख ठरवा, आणि त्या तारखेनंतर वस्तू दुसऱ्याला जाईल हे लिहून कळवा. टोकनाचं नाव काढलं की दहातले सात जण आपोआप गळतात, हा माझा अनुभव. नुसत्या शब्दावर मी एकदा डायनिंग टेबल अकरा दिवस अडवून ठेवलं होतं. बाराव्या दिवशी त्यांच्या मिसेसना रंग आवडला नाही.

विद्यार्थी आहे, पैसे नाहीत, बाबा आजारी आहेत... असं सांगितलं तर?

खरंही असतं. पुण्यात जून-जुलैमध्ये बाहेरगावाहून शिकायला आलेली मुलं टेबल, गादी, पंखा शोधत फिरतात आणि त्यांच्याकडे खरंच पैसे नसतात. त्यांना मी कमी करते, मनापासून करते. पण गोष्ट आधी आणि वस्तूबद्दलचा एकही प्रश्न नंतर नाही, असं झालं तर ती गोष्ट दिवसभरात वीस जणांना सांगून झालेली असते. ज्याला टेबल हवंय तो आधी लांबी-रुंदी विचारतो, कारण त्याला ते कॉटशेजारी मावायला हवं असतं.

‘आपण मराठी माणसं, आपल्यात काय एवढं’ हाही एक प्रकार आहे. मी म्हणते, आपल्यातच तर हिशेब चोख असावा.

घरी बोलवणं सुरक्षित आहे का? मी दिवसभर एकटी असते.

हातात मावणारी वस्तू असेल तर घरी बोलवूच नका. सोसायटीच्या फाटकाशी, वॉचमनच्या टेबलासमोर, उजेडी व्यवहार करा. मोठं सामान असेल तर आदल्या दिवशी ते बाहेरच्या खोलीत किंवा पार्किंगमध्ये आणून ठेवा, आणि येणारा दुसरं कुणीतरी घरात असतानाच येईल अशी वेळ द्या. पत्ता आधी इमारतीपर्यंतच सांगा, फ्लॅट नंबर तो खाली पोचल्यावर. ‘आलोच आहे तर बाकीचं काय काय विकायचंय बघू’ म्हणून आतल्या खोलीकडे वळणाऱ्याला तिथेच थांबवा. आणि घर बदलतोय, अमुक तारखेपासून रिकामं असेल, असलं काही जाहिरातीत लिहू नका.

एकाने भावच केला नाही, लगेच हो म्हणाला. चांगलं गिऱ्हाईक ना?

इथे मात्र सावध व्हा. घासाघीस करणारा आगाऊ असतो, पण बहुधा खरा असतो. अजिबात घासाघीस न करणारा, वस्तू बघायला न येणारा आणि पैसे पाठवायची घाई झालेला माणूस नव्वद टक्के चोर समजा.

ठरलेली पटकथा अशी. ‘मी लष्करात आहे, बदली झालीय, सामान न्यायला माझा माणूस येईल.’ ओळखपत्राचा फोटो येतो, गणवेशातला फोटो येतो. सैन्याचं नाव वापरतात कारण तिथे आपला विश्वास बसतो. मग ‘पैसे पाठवतोय’ म्हणून एक क्यूआर कोड येतो. तो स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. तुम्ही पिन टाकता आणि पैसे जातात. ‘चुकून झालं, परत करतो’ म्हणून दुसरा कोड येतो आणि त्यातही जातात. शिकलेली माणसं फसतात, कारण वस्तू विकली गेली या आनंदात असतात.

एवढंच पाठ करून ठेवा: यूपीआय २०१६ मध्ये आलं तेव्हापासून नियम एकच आहे, पैसे घेताना पिन लागत नाही, स्कॅनही करावं लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जातायत. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्याकडे यूपीआयवर पैशांची मागणी पाठवायची सोय बंद केली, त्यामुळे एक वाट बंद झाली. क्यूआर कोडची वाट आहेच. शिवाय ‘कुरिअरची लिंक उघडा’, ‘हे ॲप टाका’ हेही त्यातलंच.

पैसे गेलेच तर रडत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. तो सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. चोराच्या खात्यातून पैसे पुढे सरकायच्या आत कळवलं तर ते गोठवता येतात, म्हणून पहिला तास मोलाचा. नवऱ्याला काय सांगू, लोक काय म्हणतील, या विचारात तो तास जातो.

पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट दाखवला, पण खात्यात काही दिसत नाही. ‘सर्व्हर डाउन आहे’ म्हणतात.

मग सर्व्हर वर येईपर्यंत वस्तूही इथेच. स्क्रीनशॉट बनवता येतो, खोटी ॲप आहेत, पैसे जमा झाल्याचा एसएमएससुद्धा साध्या मोबाइल नंबरवरून पाठवता येतो. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघायची, बस. ‘चुकून ३,००० ऐवजी ३०,००० आले, वरचे परत पाठवा’ असा फोन आला तरी आधी शिल्लक बघा. आलेलेच नसतात.

रोख घेत असाल तर नोटा त्याच्यासमोर मोजा. यात लाज कसली? गाडीसारखा मोठा व्यवहार असेल तर लक्षात ठेवा, एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही.

नेल्यावर चार दिवसांनी ‘चालत नाही, पैसे परत द्या’ म्हणतात.

आधी स्वतःला विचारा, आपण काही लपवलं होतं का? दोष माहीत असून मुद्दाम दडवला तर ती फसवणूकच, आणि मग पैसे परत करणं बरं. पण तसं नसेल आणि त्याने बघून, चालवून नेलं असेल, तर जबाबदारी त्याची. १९३० च्या मालविक्री कायद्याचंही मूळ तत्त्व हेच, घेणाऱ्याने बघून घ्यावं. (हेल्पलाइनही १९३०, कायदाही १९३०. निव्वळ योगायोग, पण लक्षात राहतं.)

म्हणून विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू त्याच्यासमोर चालवून दाखवा आणि त्याचा व्हिडिओ घ्या. मी मिक्सर विकला तेव्हा शेंगदाणे घालून फिरवून दाखवला होता. चौथ्या दिवशी बाई म्हणाल्या, ‘आवाज येतो हो.’ मी व्हिडिओ पाठवला, त्यात मिक्सर चांगलाच घरघरत होता आणि मागून त्यांचाच आवाज होता, ‘छान आहे की!’ पुन्हा मेसेज आला नाही.

मोबाइल विकताना लोक फार चौकशा करतात. त्रास द्यायला का?

नाही, इथे चौकशी करणारं गिऱ्हाईकच बरं. चोरीचा फोन घ्यायची त्याला भीती असते. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दाखवा. तो नंबर संचार साथी या सरकारी पोर्टलवर किंवा केवायएम लिहून पुढे आयएमईआय टाकून १४४२२ ला एसएमएस केला की तपासता येतो. बिल असेल तर त्याची प्रत द्या.

आपल्या बाजूने गूगल किंवा ॲपलच्या खात्यातून आधी बाहेर पडा, मग फॅक्टरी रीसेट. उलट केलंत तर नव्या मालकाकडे फोन जुन्या खात्याचा पासवर्ड मागत बसतो, आणि मग तो तुमच्या दारात. सिम आणि मेमरी कार्ड काढलं का, हे दोनदा बघा.

स्कूटर विकायचीय. गिऱ्हाईक म्हणतं, ‘कागद नंतर करू, विश्वास ठेवा.’

विश्वास ठेवा, पण गाडी देऊ नका. हा आगाऊपणा सगळ्यात महागात पडतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय, की आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, ज्याचं नाव तोच कायद्याने मालक. गाडी विकून तुम्ही मोकळे झालात असं तुम्हाला वाटतं, पण उद्या त्या गाडीने अपघात केला तर भरपाईच्या दाव्यात तुमचं नाव. सिग्नल तोडला तर ई-चलन तुमच्या नंबरवर.

गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या घ्या. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि राज्याबाहेर गाडी गेली तर ४५ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कर्ज होतं, तर बँकेचं ना हरकत पत्र आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ लागतो. घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवा आणि एक साधी ताबा पावती करा, त्यात तारखेबरोबर वेळही लिहा. दुपारी ४ वाजता गाडी दिली आणि ५ वाजता चलन फाटलं, तर ती वेळच कामाला येते. काही पैसे नाव बदलेपर्यंत तुमच्याकडे अनामत ठेवायला तो तयार असेल तर उत्तम, नाहीतर स्वतः त्याच्याबरोबर आरटीओत जा. अर्धा दिवस जातो, जाऊ दे.

फेरी मारून बघायला दिलीत तर त्याची स्वतःची गाडी, किल्ली किंवा बरोबरचा माणूस इथे राहील असं बघा. आमच्या स्कूटरची ‘एक चक्कर’ चाळीस मिनिटांची झाली. परत आला तो भाजी घेऊन.

शिव्या देणाऱ्यांचं काय?

ब्लॉक.

ओळखीचे, शेजारी, नातेवाईक घ्यायला आले तर?

अनोळखी माणूस शंभरपट बरा. आत्येभावाला फ्रिज विकला, की त्याच्या घरचं दूध नासलं तरी आठवण तुमची निघते. शेजारच्या काकूंना पैसे ‘पुढच्या महिन्यात’ द्यायचे असतात, आणि जिन्यात रोज भेटून तुम्हालाच ओशाळं होतं. माझा नियम सरळ आहे: ओळखीच्याला एकतर पूर्ण रोखीने द्या, नाहीतर तशीच भेट द्या. मधलं काही नको. किमतीवरून अडलं तर म्हणते, ‘काकू, ऑनलाइन टाकलंय, तिथे जो आकडा येईल त्यात तुम्हाला पाचशे कमी.’ आकडा परका ठरवतो, भिडेला जागा राहत नाही.

एवढा ताप नको. सरळ फुकट देऊन टाकलं तर?

मीही तेच केलं होतं. ट्रेडमिल. जाहिरातीत लिहिलं, ‘मोफत, येऊन घेऊन जावे.’ तासाभरात साठ मेसेज. एकाने विचारलं, घरपोच मिळेल का. एकाने विचारलं, बसवून द्याल का. एकाने वॉरंटी विचारली. एका ताईंना दुसरा रंग हवा होता.

जाहिरात काढली, दुसऱ्या दिवशी तीच १,५०० रुपयांना टाकली. चौघांनी विचारलं. एक मुलगा मित्राला घेऊन आला, ती चालू करून दोन मिनिटं पळाला, मग म्हणाला, ‘मॅडम, बाराशे?’

दिली.